मोकळा श्वास घेणारी नळी

मिस्त्रीकडून परत आलेल्या बंदुकीच्या नळीवर, अगदी तोंडाजवळ, दोन्ही बाजूंना बारीक भोकांची एकेक रांग होती. चष्मेवाला ती भोकं नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तशी येईल त्याला दाखवत होता.

बंदुकीचा मिस्त्री हा बोलण्यात बंदुकीपेक्षा लांब पल्ल्याचा माणूस. त्याने समजावलं होतं, की बार उडाला की नळीतली गरम हवा तोंडातून एकदम बाहेर पडते, त्याने नळी वर उसळते आणि दस्ता खांद्यात बसतो. भोकं पाडली की बरीचशी हवा बाजूंनी निसटते, नळी जागेवर राहते. शिवाय आतून थोडं घासून रुंद केलं की छर्रे एकमेकांना धक्के न देता सुखाने बाहेर पडतात. "नळी मोकळा श्वास घेते, साहेब," मिस्त्री म्हणाला होता. या एका वाक्यावर चष्मेवाला भाळला. बंदूक श्वास घेऊन काय करणार, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसत नाही, मग तो चष्म्याचं दुकान चालवणारा का असेना.

नेमबाजीचं मैदान गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होतं. पत्र्याची एक शेड, समोर पाच जागा आखलेल्या, आणि पुढच्या खड्ड्यातून यंत्राने भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या. डावीकडून सुरुवात व्हायची. पहिल्याने बार काढला की लगेच दुसऱ्याने बंदूक खांद्याला लावायची, मग तिसऱ्याने, असं शेवटपर्यंत. एका फेरीत प्रत्येकाला पंचवीस तबकड्या. जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. डावीकडच्या टोकाला चष्मेवाला, त्याच्या उजव्या हाताला सलूनवाला, त्यापुढे बसड्रायव्हर, आणि उरलेल्या दोन जागी ज्याला सवड असेल तो.

चष्मेवाला आणि सलूनवाला साडू. सलूनवाल्याची बायको थोरली, चष्मेवाल्याची धाकटी. पण मैत्री त्याआधीची. सलूनवाल्यानेच मित्राला आपली मेव्हणी सुचवली, आणि तीही त्याच्या गळ्याभोवती टॉवेल आवळलेला असताना, म्हणजे उठून पळायची सोय नव्हती. पुढे बंदूक धरायलाही त्यानेच शिकवलं. स्वतः सलूनवाला मैदानावरचा राजा. पंचविसातल्या एखाद-दोन न फुटता सुटल्या तर सुटल्या. चष्मेवाल्याच्या सतरा-अठरा फुटायच्या, त्याहून एक जास्त नाही. जगाचे नंबर काढतो आणि ह्याला तबकडी दिसत नाही, असं लोक म्हणायचे. चष्मेवाला हसायचा, पण घरी गेल्यावर दोष बंदुकीला द्यायचा. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि काय चमत्कार. नळीला भोकं पडली आणि दुसऱ्याच आठवड्यात चष्मेवाल्याने सलूनवाल्याला मागे टाकलं. फळ्यावर आपलं नाव साडूच्या वर बघून त्याला रात्री नीट झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. सलूनवाल्याच्या तबकड्या पहिल्याच आठवड्यात वीसवर आल्या होत्या, मग सोळावर, मग त्याखाली. त्याने साडूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, चला, माझं शिकवणं एकदाचं फळाला आलं. मग शेडमधल्या बाकावर जाऊन बसला आणि कुणाशी फार बोलला नाही. चष्मेवाल्याला वाटलं, हरलेला माणूस थोडा गप्प बसणारच.

घरी जेवताना तो नळीचं गुणगान लावायचा. एके दिवशी बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं, की पूर्वी तुमच्या किती फुटायच्या?

"सतरा-अठरा."

"आणि आता?"

"सतरा-अठरा," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याचा घास हातात राहिला.

बायकोने पुढची भाकरी वाढली. नवऱ्याला कुठवर टोकायचं याचं तिचं गणित पक्कं होतं. चष्मेवाल्याने ते वेगळं असतं, वारा असतो, ऊन असतं असं काहीबाही पुटपुटून वेळ मारून नेली. पण मग तिने जे सांगितलं, त्यापुढे त्याला जेवण गेलं नाही. ताईचा फोन आला होता. भाऊजींनी वस्तरा बंद केला होता. केस तेवढे यंत्राने कापतात, दाढीला कुणी आलं तर वस्तरा धारेला दिलाय म्हणून सांगतात. तबकड्या सुटायला लागल्या तेव्हापासून ते रोज सकाळी आरशापुढे हात धरून बघत बसतात. दुकान भाड्याने द्यायचं बोलतात.

हे का, ते चष्मेवाल्याला कुणी सांगायला नको होतं. सलूनवाल्याच्या बापाचा हात याच वयात गेला होता. त्याच दुकानात, त्याच खुर्चीपाशी. आधी थोडा कंप, मग एका गिऱ्हाइकाच्या गळ्याला लागलं. जखम किरकोळ होती, पण म्हाताऱ्याने त्या दिवशी वस्तरा ठेवला तो पुन्हा उचलला नाही, आणि पुढची वर्षं दुकानाच्या पायरीवर बसून मुलाचे हात बघत काढली. सलूनवाला हे कधी बोलायचा नाही. आज चष्मेवाल्याला ते सगळं आठवलं आणि त्याला साडूची फार कणव आली.

पण कणव आली म्हणून लगेच अक्कल येते असं नाही. त्याने उपाय काढला तो असा, की आपली बंदूक साडूला द्यायची. नळीने आपल्याला वर आणलं तशी ती त्यालाही आणील. बायकोचा तो प्रश्न मनात टोचत होता, पण त्याच्यावर त्याने चांगुलपणाची चादर ओढली.

सलूनवाला यायलाच तयार नव्हता. चष्मेवाल्याने त्याला जवळजवळ ओढत खाणीत आणलं, आपली बंदूक त्याच्या हातात ठेवली आणि त्याची साधी बंदूक स्वतः घेतली. आज बदलून बघू, एवढंच म्हणाला. दोघे नेहमीच्या जागी उभे राहिले. कानांवर जाड झाकणं चढवली.

चष्मेवाल्याने पहिला बार काढला, तबकडी फुटली, आणि तो बंदूक बिजागरीपाशी मोडून नवं काडतूस भरायला लागला. तेवढ्यात शेजारी सलूनवाल्याने बार काढला.

चष्मेवाल्याच्या गालावर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कान झाकलेले होते, तरी आवाज दातांतून आत गेला. छातीवर हवेचा गुद्दा बसला, डोळे आपोआप मिटले, आणि हातातलं काडतूस खाली पडलं. ते उचलेपर्यंत पलीकडे बसड्रायव्हरची तबकडी सुटली होती. बसड्रायव्हर म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर हॉर्न न वाजवता गाडी काढणारा माणूस. त्याची तबकडी सहसा सुटत नसे. पुढचीही सुटली. तिसऱ्या वेळी त्याने एक शिवी हासडली आणि सलूनवाल्याकडे वळून, तुझ्या बंदुकीने माझं थोबाड रंगवलं, असं म्हणाला.

चष्मेवाला त्याच्याकडे बघत राहिला. त्याने स्वतः हे कधी अनुभवलं नव्हतं. बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्याला खांद्याला कमी झटका बसायचा, हे खरं होतं. मिस्त्री त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. पण झटका गेला कुठे, हे मिस्त्रीने सांगितलं नव्हतं आणि चष्मेवाल्याने विचारलं नव्हतं. तो भोकांतून बाजूला जात होता. चष्मेवाल्याच्या डाव्या हाताला कुणी नव्हतं. उजव्या हाताला, बंदूक खांद्याला लावायच्या नेमक्या क्षणी, सलूनवाला होता. आठवड्यामागून आठवडे.

इकडे सलूनवाल्याची एकही सुटत नव्हती. फेरी संपली तेव्हा त्याच्या पंचविसापैकी पंचवीस फुटल्या होत्या आणि शेडमध्ये गलका झाला. नळी बघायला लोक जमले. मिस्त्रीचा पत्ता काय, घेतो किती, माझीही करून देईल का. बंदूक हातोहात फिरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की लोक कावळ्याला हार घालतात, तसं चाललं होतं. चष्मेवाल्याचंही कौतुक झालं, की बघा, याने आधी ओळखलं.

सलूनवाला हसत होता. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. त्याने साडूला जरा बाजूला घेतलं.

"नळी खरंच चांगली आहे रे. बंदुकीला औषध सापडलं," तो म्हणाला. "पण वस्तऱ्याला भोकं कोण पाडून देणार?"

चष्मेवाल्याने गप्प बसणं आता अगदी सोपं होतं. सगळे खूश होते. साडू आपलीही नळी करून घेईल, दोघे एकमेकांच्या कानशिलात वाजवत राहतील, फळ्यावर नाव वर राहील. फक्त हा माणूस दुकान भाड्याने देईल आणि बापासारखा पायरीवर जाऊन बसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आपण.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला. शेडमधल्या गलक्यात ते विरून गेलं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, आणि मग ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. नळीत काही नाही. नेम तिने सुधारत नाही. तिचा मार शेजाऱ्याला बसतो, आणि शेजारी तू होतास. हवं तर बसड्रायव्हरला विचार.

बसड्रायव्हर गाल चोळत होता. त्याला विचारायची गरज पडली नाही.

सलूनवाल्याने मान हलवली. त्याला वाटलं, साडू समजूत घालतोय. समजूत घालणाऱ्यांची त्याला सवय होती. बापाचीही लोक अशीच समजूत घालायचे.

"पण तू तर वर गेलास की," तो म्हणाला.

"मी कुठे वर गेलो? तू खाली आलास."

"म्हणजे सुधारला नव्हतास?"

"नाही. होतो तिथेच आहे. सतरा-अठरा."

"एकही जास्त नाही?"

"एकही नाही."

मिस्त्रीचा पत्ता ज्याने विचारला होता, त्याने तो लिहिलेला कागद हळूच खिशात घातला. चष्मेवाल्याचे कान लाल झाले होते. इतक्या लोकांसमोर त्याने स्वतःविषयी इतकं खरं कधीच सांगितलं नव्हतं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. पण आता थांबून उपयोग नव्हता. त्याने साडूच्या हातातली भोकांची बंदूक काढून घेतली, तिच्यातली काडतुसं काढली आणि तिला पेटीत घालून कडी लावली. मग त्याला त्याची जुनी, साधी बंदूक दिली आणि स्वतः मागे शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

सलूनवाला आपल्या जागी गेला. बराच वेळ त्याने बंदूक उचललीच नाही. एक जरी सुटली तरी आता याला कुणी पटवू शकणार नाही, हे चष्मेवाल्याला कळत होतं. मग बंदूक खांद्याला लागली. पहिली तबकडी हवेतच भुगा झाली. दुसरीही. तिसरी वाऱ्याने उजवीकडे गेली, तरी तिला छर्रे जाऊन भेटले. कुणी मोजत नव्हतं. काडतुसं संपली तेव्हा तो थांबला. त्याने बंदूक मोडली, बाकावर ठेवली, आणि उजवा हात पुढे धरून बोटं पसरली. हात खांबासारखा स्थिर होता.

"मी त्या कंपाची वाटच बघत होतो रे," तो म्हणाला. "बापाचं वय गाठल्यापासून. पहिली तबकडी सुटली तेव्हाच म्हटलं, आला. कानशिलात बसणाऱ्या दणक्याकडे मग लक्षच गेलं नाही."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिला. माफ कर म्हणायचं होतं, ते त्याने चष्म्याकडे बघत म्हटलं. सलूनवाल्याने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो त्याच स्थिर हाताने साडूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत होता. मग दुसरीकडे वळवलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कल्ले कुणी केले?"

चष्मेवाल्याने मान सोडवून घ्यायला बघितली.

"एक वर, एक खाली. कुणी केले?"

"बाजारातल्या त्या नव्या दुकानात," चष्मेवाला कसाबसा म्हणाला. "तू वस्तरा धारेला दिलाय म्हणालास, म्हणून..."

नळीचं सगळं सलूनवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं होतं. महिनाभराची झोप गेली, दुकान जायची वेळ आली, तरी एक शब्द बोलला नव्हता. हे मात्र त्याला सहन झालं नाही. त्याने साडूला चारचौघांत असं काही झापलं, की बसड्रायव्हरनेही तोंड फिरवलं. लाज वाटत नाही का, कुणाच्याही हाती मान देतोस, आणि असलं तोंड घेऊन माझ्या मेव्हणीसमोर हिंडतोस, तिने काय पाप केलंय.

चष्मेवाला हे सगळं खाली मान घालून ऐकत होता, आणि इतक्या आठवड्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"उचल त्या पेट्या," सलूनवाला शेवटी म्हणाला. "दुकानात चल. आत्ता."