मधली खुर्ची

विद्यापीठात व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारं नवं संकुल काढायचं ठरलं, पण त्याचं ठरवणाऱ्यांना बसायला तिथे जागा मिळेना. म्हणून बैठका आमच्या बाहेरच्या खोलीत. समितीचं सगळं काम माझ्या सुनेच्या गळ्यात ना! संकुल उभं राहिलं की तीच प्रमुख, असं सगळे म्हणत. मीही शेजारीपाजारी सांगून ठेवलेलं.

अर्थशास्त्रवाले खिडकीकडच्या सोफ्यावर, व्यवस्थापनवाले भिंतीकडच्या. मध्ये माझी वेताची खुर्ची, तीत सून. ती दोन्ही विषय शिकलेली. मला वाटायचं, बरं झालं, दोघांनाही आपली वाटेल.

भांडण कशावरून, तर जिन्यावरून. जिना चढल्यावर पहिली खोली कुणाची? मिटेना, तेव्हा आराखड्यात दोन जिने आले. मग दोन दारं, दोन वाचनालयं. नावात आधी कोण, यात तर अख्खा उन्हाळा गेला. माझे दीर वेगळे झाले तेव्हा तव्यावरून भांडले होते, पण भांडून मोकळे झाले. हे शिकलेले लोक. तोंडावर "तत्त्वतः मान्य" म्हणायचं आणि घरी जाऊन सुनेला फोन करायचा.

अर्थशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक, त्यांना मी मफलर म्हणते, विचारायचे, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" व्यवस्थापनाच्या बाई गोड आवाजात तेच विचारायच्या. सून दोघांनाही सांगायची, "मी संकुलाच्या बाजूची."

"अगं, एकाला तरी तुमचीच म्हण. खोटं का होईना," मी म्हणायचे.

"आई, तुम्ही समितीवर हव्या होतात."

"मी पहिल्याच दिवशी चहा बंद केला असता."

ती हसायची, पण डोळे मिटूनच. अलीकडे जेवतानाही घास हातात तसाच राहायचा.

आज प्रमुख ठरायचा होता. चहा घेऊन गेले, तर मफलर आणि बाई एकाच सोफ्यावर. असं कधी झालं नव्हतं.

"प्रमुख बाहेरून आणावा, यावर आमचं एकमत झालंय," बाई म्हणाल्या.

सुनेने कप घेतला. "तत्त्वतः मान्य," म्हणाली.

दारात चपला घालताना मफलर बाईंना हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. शेवटी त्या तुमच्याकडच्या."

"आमच्याकडच्या? आम्ही तर त्यांना तुमच्याच समजत होतो."

मग दोघं, कुणाची गाडी कुठे लावलीय, ते बोलत निघून गेली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर घर माझं, चहा माझा, आणि उपाशी माझीच सून.

"सोडून दे हे सगळं," मी तिला म्हटलं.

"सोडते. पण वर्ग कुठे घ्यायचे, ते राहिलंय, आई. जिन्यांच्या नादात कुणी बघितलंच नाही." एवढं बोलून बसल्या जागीच झोपली. कप मी तिच्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. मफलर.

"नव्या प्रमुखांना सगळं समजावून द्यायला माणूस लागेल. मॅडम आहेत का?"

"झोपल्यात."

"जरा उठवता का?"

"तत्त्वतः उठवते," म्हटलं, फोन ठेवला, आणि तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं.