सरलाचा नमस्कार

ही २०२४ सालच्या चौदा जानेवारीची गोष्ट आहे. मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची मोटार आहे. दिल्लीच्या धुक्यात उभी राहिले की मी कुणाला दिसतच नसे, इतकी करडी.

लक्ष्मीबाई नगरातल्या बळवंतरावांनी मला नवीकोरी घरी आणलं. शेजारची गाडी चोरीला गेली, तेव्हा त्यांनी माझ्या पुढच्या डाव्या सीटखाली एक छुपा खटका बसवून घेतला. तो बंद असला की इंजिनाला पेट्रोल मिळत नसे. खटका दाबायचं काम त्यांच्या पत्नीचं, सरलाबाईंचं. गाडीत बसल्यावर त्या वाकत, उतरतानाही वाकत. घरच्यांना वाटे, गाडीला नमस्कार करतात. "सरले, आरतीपण म्हण ना," असं त्यांची मोठी जाऊ कुमुद चिडवायची. सरलाबाई नुसत्या हसत. खटक्याचं कुणाला सांगायचं नाही, असं बळवंतरावांनी बजावलं होतं.

मग सरलाबाई गेल्या. त्या सीटवर कुणी बसेना. बळवंतरावांनी एकदाच वाकून खटका चालू केला, तो तसाच राहिला आणि ते विसरून गेले.

कुमुद महिनाअखेर कायमची पुण्याला, लेकीकडे निघाली होती. पूर्वी दर वर्षी ह्या दिवशी ती नवऱ्याबरोबर पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी जाई. १७६१ साली ह्याच दिवशी तिथल्या लढाईत पडलेल्यांसाठी तिळाचा एक लाडू ठेवायची त्या दोघांची रीत होती. नवरा गेला आणि जाणं थांबलं. दिल्ली सोडण्याआधी तिला एकदा तिथे जायचं होतं. तिचा मुलगा यतीन मयूर विहारहून मेट्रोने नोकरीला जाणारा. त्याने काकांकडून मला मागून घेतलं.

"हवा बघून घे टायरमधली," किल्ली देताना बळवंतराव म्हणाले. बाकी काही नाही.

वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाऊन सगळे परत बसले. पुढे यतीनच्या डावीकडे बसलेल्या कुमुदने लाडवांचा डबा आपल्या सीटखाली सरकवला. खट्. ते फक्त मला ऐकू आलं.

यतीनने किल्ली फिरवली. मी खोकले, पण सुरू झाले नाही.

"आजी, ही बिल्कुल तुझ्यासारखी आहे," मागून नात इशिता म्हणाली. "ठंडीत उठतच नाही."

"मी उठते गं. चहा मिळाला की."

यतीनने बॉनेट उघडून पाहिलं. काकांना फोन लावला, ते उचलेनात. "आई, मेकॅनिक मिळेपर्यंत संध्याकाळ होईल. आणि काकांची गाडी इथे टाकून कसं जायचं? पुढच्या वर्षी जाऊ या."

"पुढच्या वर्षी मी कुठे असेन, यतीन?"

बाहेर ट्रक धुक्यातून तरंगत आल्यासारखे येत आणि विरून जात. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

"सरला असती तर नमस्कार करून मोकळी झाली असती," असं म्हणत कुमुद सरलाबाईंसारखीच खाली वाकली. तिचा हात सीटखाली गेला आणि डबा बाजूला सरला.

"अरे, इथे काहीतरी बटण आहे."

खट्. यतीनने किल्ली फिरवली आणि मी जागी झाले.

कुमुदने त्या बटणावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "लबाड. इतकी वर्षं मला चिडवू दिलंस."

काला अंबला तिने त्या दिवशी दोन लाडू ठेवले.

बळवंतराव पुढे निवृत्त झाले. यतीन अजून मेट्रोनेच जातो. इशिता आता 'ठंडी'ला थंडी म्हणते, निदान आजीशी फोनवर बोलताना. पंधरा वर्षं झाली की दिल्लीच्या नियमाने मला तिथे फिरता आलं नसतं, म्हणून त्याआधीच बळवंतरावांनी मला पुण्याला, कुमुदच्या लेकीकडे पाठवलं.

मित्रांनो, गाडी कुणाला द्याल तेव्हा नुसती किल्ली देऊ नका, तिच्या सवयीही सांगा. माझा खटका इथे काढून टाकला आहे. तरी कुमुद डाव्या सीटवर बसते, आणि निघण्याआधी खाली वाकते.