शुक्रवारसाठी सीट

माझ्या गाडीला कोणी बारकी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गाडी बारकी नाही, बेताची आहे. माझे मिस्टर राजेंद्र गेले, त्यांची मोठी गाडी मी विकून टाकली आणि ही घेतली. एकट्या बाईला किती गाडी लागते? आठवड्याची शॉपिंग, जीपीचा दवाखाना, रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना, संपलं. लेस्टरमध्ये आमच्या रस्त्यावर पार्किंगच्या नावाने बोंब आहे, तिथे ही कुठेही शिरते.

आणि माझी स्वतःची मुलगी मला फोनवर सांगते, "आई, तुझा गाडी खूप छोटा आहे. अन्वीचा बेबी सीट त्याच्यात बसणारच नाही."

मृणाल इथेच जन्मली, इथेच शिकली. तिच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष असतात, ते सुधारण्याचा नाद मी केव्हाच सोडलाय. केंब्रिजला ती आणि माझा जावई सुयश, दोघंही रिसर्चमध्ये आहेत. अन्वी त्यांची लेक, अकरा महिन्यांची. मृणालची मॅटर्निटी लीव्ह संपत आली होती आणि अन्वीला नर्सरीत घातलं होतं, पण चारच दिवस, सोमवार ते गुरुवार. हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, मग शुक्रवारी मी येते ना. गुरुवारी रात्री पोचायचं, शुक्रवारी दिवसभर अन्वी माझ्याकडे, शनिवारी सकाळी परत. त्यावर तिने आधी नुसतं अं-अं केलं. मग म्हणाली, शुक्रवारी अन्वीचं स्विमिंग असतं, गाडी सुयश नेतो, आणि तुझा गाडी छोटा आहे.

"एवढंच ना?" मी विचारलं.

"रिअर-फेसिंग सीट लागतो, आई. तो खूप जागा खातो. बघू आपण."

मी फोन ठेवला, किचनच्या ड्रॉवरमधून टेप काढली आणि चपला अडकवून गाडीपाशी गेले.

आता लाज कशाला धरू? मला तो शुक्रवार हवा होता. जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं, सतत कोणीतरी भावना हे कुठंय, भावना ते बघ, करत असायचं. रिटायर झाले, वर्षाच्या आत राजेंद्र गेले, आणि घर असं गप्प झालं की फ्रिज घरघरला तरी मी वळून बघते. काही दिवस असे जातात की संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण तोंडच उघडलेलं नाही. मग मी उगाच कौन्सिलला फोन लावते आणि कचऱ्याचा बिन कधी नेणार म्हणून विचारते. आठवड्यातला एक दिवस कोणाचं तरी माझ्यावाचून अडावं, एवढंच माझं मागणं होतं. आणि ते अडलं कशावर होतं, तर एका सीटवर. म्हटलं, बसवून दाखवते.

दोन दिवस मी इंटरनेट पालथं घातलं आणि मग रिंग रोडवरच्या लहान मुलांच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे बेथनी नावाची मुलगी होती, वीस-बावीसची, कानात भलीमोठी वळी. तिने मला समजवायला सुरुवात केली की कन्व्हर्टिबल सीट म्हणजे आधी बाळ मागे तोंड करून बसतं आणि मोठं झालं की तीच सीट फिरवून पुढे तोंड करून बसवता येते.

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला अशी हवी, जिच्यात चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसता येईल. आणि ती माझ्या गाडीत मावली पाहिजे. आधी बसवून दाखव, मग बोलू."

म्हणजे अजून तीन वर्षं. मी मनात शुक्रवार मोजायला लागले आणि मध्येच थांबले, कारण इतकं सुख मोजायची सवय राहिली नव्हती.

पहिली सीट ड्रायव्हरच्या मागे लावली, तर माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. बेथनी म्हणाली, पुढच्या पॅसेंजर सीटमागे लावून बघू, तिकडे फुटपाथ येतो, बाळाला काढायला सोपं. तिथे लावली, तर गोल फिरणाऱ्या तिच्या बैठकीनेच अर्धी जागा खाल्ली आणि सीट तिरकी बसली. मी म्हटलं, ही नको, ही म्हणजे घरात आलेल्या पाहुण्याने सोफाच अडवावा तशी आहे. बेथनीला ते इंग्रजीत सांगायला गेले तर काही जमलं नाही. तिने दुसरी आणली, न फिरणारी, अंगाने सडपातळ. तीही गाडीच्या पुढच्या सीटला अडली.

"पुढे तुमच्या शेजारी कोण बसतं?" बेथनीने विचारलं.

"कोणी नाही."

"कधीच नाही?"

"तुला सीट बसवायची आहे का माझी चौकशी करायची आहे?"

बिचारी लाल झाली. तिचं काही चुकलं नव्हतं. ती म्हणाली, तसं असेल तर पुढची सीट अगदी डॅशबोर्डला लागेपर्यंत सरकवता येईल, तिथे माणूस बसणार नसेल तर काही प्रश्नच नाही. तिने सीट सरकवली, मागे बाळाची सीट खटकन हुकांत अडकवली, सीटचा आधाराचा पाय खाली टेकवला आणि हिरवी खूण दाखवली. दोन्ही हातांनी गदगदा हलवलं, तरी सीट हलेना. माझ्या शेजारी कोणी बसत नाही म्हणून माझ्या गाडीत सीट मावली. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, त्यामुळे बेथनीला थँक यू म्हणताना माझा आवाज उगाच चढला.

मग सराव. मी लॅबमधली बाई, तपासल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. बेलग्रेव्ह रोडवरून चपातीच्या पिठाची दहा किलोची पिशवी आणली, सीटमध्ये बसवली, पट्टे आवळले. अन्वी साधारण तेवढ्याच वजनाची. मागच्या हेडरेस्टला आरसा लावला, कारण मागे तोंड करून बसलेल्या पोरीचा चेहरा ड्रायव्हरला दिसत नाही. आणि रोज सकाळी पिठाला घेऊन फेरी. वळणं घेतली, ब्रेक मारून बघितले, राउंडअबाउटला गोल गोल फिरले. पिशवी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायला लागले. ते बघ बदक, आता सिग्नल लागला, आता आपण थांबलो. इतकं मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

वंदनेला येणारी अक्षया पेट्रोल पंपावर भेटली. "जयभीम, भावनाताई," म्हणत खिडकीतून आत डोकावली आणि बघतच राहिली. "ताई, पिठाला बेल्ट? बरंय, आमच्याकडे पोरं बेल्ट लावून घेत नाहीत."

"चेष्टा करू नकोस," मी म्हटलं. "शुक्रवारपासून मी बिझी आहे. नातीचं स्विमिंग असतं."

"अगंबाई, म्हणजे आता तुमची अपॉइंटमेंट घ्यावी लागणार." ती गेली, आणि मी आरशात बघून हसले.

शनिवारी केंब्रिजला निघाले. येते म्हणून कळवलं होतं, सीटचं मुद्दाम सांगितलं नव्हतं. सुयश कुठेतरी सायकलिंगला गेला होता. मृणालने दार उघडलं, कडेवर अन्वी. मी आत पाऊल न टाकता म्हटलं, "आधी बाहेर चल."

गाडीचं मागचं दार उघडून मी तिला सगळं दाखवलं. हुक, पाय, हिरवी खूण, आरसा. किती वर्षं चालेल ते सांगितलं. "हलवून बघ," मी म्हटलं. तिने एका हाताने हलवली. हलली नाही.

"इट्स रिअली सॉलिड," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

"मग शुक्रवार पक्का," मी म्हटलं.

ती अन्वीला सावरत वळली. आत गेलो, तिने चहा टाकला, अन्वीला जमिनीवर डबे-चमचे खेळायला दिले. मग माझ्यासमोर बसली आणि इकडे तिकडे बघत म्हणाली, "आई, मी चार दिवसच काम करणार आहे. शुक्रवार मी सुट्टी घेतली. दर आठवडा. अन्वी आणि मी."

"चार दिवस?" माझं तोंड सुटलं. "अगं, डॉक्टरेट केलीस ती अशी घरी बसायला? माझी आई सोलापुरात विड्या वळायची, तिची बोटं वाकडी झाली तेव्हा मी बीएस्सी झाले. आणि तुला चार दिवस पुरे झाले? आज एक दिवस सोडशील, उद्या दोन, मग काय म्हणून..."

मी मध्येच थांबले, कारण ती ऐकतच नव्हती. पावसात बसस्टॉपवर उभं राहावं तशी ती गप्प बसून होती, हे कधीतरी थांबेल म्हणून.

"बोल ना," ती म्हणाली. "मला माहीत होता तू हेच बोलणार. म्हणून नाही सांगितलं."

"मग गाडीचं काय ते?"

"तू म्हणालीस मी येते. आय पॅनिक्ड. तुला तोंडावर नाही कसं म्हणायचं, मला येत नाही. मग मी म्हटलं, गाडी छोटा आहे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. आमच्यात 'नाही' असं कोणी म्हणतच नाही. बारशाला यायचं नसेल तर गाडी बिघडते, मुक्कामाला कोणी नको असेल तर घरात नेमके पाहुणे येतात, आणि शेवटी 'बघू' म्हणायचं. समोरच्याने ते समजून घ्यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मी स्वतः आयुष्यभर अशीच माणसं टाळली, या पोरीदेखत टाळली. सोलापुरातल्या कुठल्याही बाईला ते फोनवरच कळलं असतं. आणि मी टेप घेऊन गाडी मोजायला गेले. इतकी वर्षं इथे राहून मी पक्की इंग्रज झाले होते, आणि इथे जन्मलेली माझी मुलगी मला आपल्या रीतीने 'नाही' म्हणून मोकळी झाली होती.

खूप लागलं मला. पण शुक्रवार अजून सुटत नव्हता.

"बरं, मग तिघी असू," मी म्हटलं. "तू, मी आणि ती. मी येऊन नुसती बसेन. तुझ्या कशात लक्ष घालणार नाही."

"आई, तू आत्ता काय करतेस?"

मी खाली बघितलं. बोलता बोलता मी तिच्या टेबलावरचे कागद एकाखाली एक लावले होते, सांडलेला चुरा हाताने गोळा केला होता, आणि अन्वीचं लाळेरं घडी घालून बाजूला ठेवलं होतं.

"तू आलीस की सगळा घर नीट होतो," मृणाल म्हणाली. "आणि मला वाटतं मीच चुकीची आहे. अन्वीला पण मी नीट धरत नाही असं वाटतं. तू काही बोलत नाहीस तरी."

"नाही हात लावणार कशाला. खरंच."

"बघू ना, आई."

"मृणाल," मी म्हटलं, "मला बघू म्हणू नकोस. मला ते कळत नाही असं आता सिद्ध झालंय. हो म्हण नाहीतर नाही म्हण. मला त्या घरात फार एकटं वाटतं गं. दिवसच्या दिवस मी कोणाशी बोलत नाही. आता सांग."

हे ऐकल्यावर ती हो म्हणेल, अशी माझी खात्री होती. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी ते सांगितलं होतं.

तिने अन्वीला उचलून मांडीवर घेतलं. तिचे डोळे भरले होते. बराच वेळ तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"नाही," ती म्हणाली. "शुक्रवार नाही, आई. मला तिच्याबरोबर एकटीला राहायचंय."

"बरं," मी म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर तिथेच रडले असते. पर्स शोधली, कोट घातला. अन्वीचा मुका घेतला, तर तिने माझा चष्मा ओढला.

"आता कुठे जातेस?" मृणाल उठली. "जेवून जा ना. सुयश येईल. मी वरण-भात लावते, प्लीज."

"नको गं," मी म्हटलं. "पुढे ट्रॅफिक लागेल."

शनिवारी भर दुपारी त्या रस्त्याला कसलं आलंय ट्रॅफिक. मृणालने माझ्याकडे बघितलं, पुन्हा आग्रह केला नाही, आणि अन्वीला घेऊन मला दारापर्यंत सोडायला आली.