रॉयसच्या पुंगळ्या

सकाळची जपमाळ पुरी होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हे एमेटला लग्नापासून ठाऊक आहे. तरी त्या दिवशी शेवटचे दहा मणी उरले असतानाच त्याने माझ्यासमोर पेटी ठेवली.

"लॉरेटा, तुझी बोटं दे जरा. माझी बधिर झालीत."

पेटीत रॉयसच्या बंदुकीच्या काडतुसांच्या वीस रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. रॉयस म्हणजे माझा धाकटा दीर, वसंतात गेला. यंदाचा एल्क, म्हणजे इकडचं थोरलं हरीण, त्याच्याच पुंगळ्यांत दारू भरून मारायचा, असं एमेटने मनाशी धरलं होतं.

जप संपवून मी वाकड्या टोकाची तार घेतली आणि पहिल्या पुंगळीत सोडली. बुडाच्या जरा वर टोक अडखळलं. पितळ आतून झिजून तिथे खाच पडली होती. अशी पुंगळी बार काढताना फाटली, तर जाळ मागे तोंडावर येतो. दुसरीचीही तीच गत.

"थकल्यात रे या."

"थकल्यात? तीनदाच उडवल्यात. झाकणावर बघ."

झाकणावर पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या खऱ्या. आमच्याकडे पेटीतल्या साऱ्या पुंगळ्या एकदा दारूने भरून झाल्या की एक रेघ ओढतात. पण प्रत्येक रेघेशेजारी साल लिहिलं होतं, आणि त्या तिन्ही सालांच्या एल्कचं मांस मीच कापून डब्यांत भरलं होतं.

"एमेट, रॉयस रेघ कधी ओढायचा? पेटी भरली की, की एल्क पडला की?"

त्याने झाकण उजेडात धरलं. मग खो खो हसत सुटला. "पडला की! आणि चुकलेले बार? ते मोजायचेच नाहीत! लबाड कुठला!"

हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "एक तरी चांगली निघेल गं. एकच हवी मला."

मी सगळ्या तपासल्या. विसावीत तार कुठेही अडली नाही. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण खोटं मला जमत नाही.

"ही गुळगुळीत लागते. पण बाकीच्यांइतकीच हीही राबली आहे. हिच्यामागे तुझं तोंड मी ठेवू देणार नाही."

"बाई, फार कठोर आहेस तू."

"आहे."

पुन्हा कुणी भरू नये म्हणून त्याने पकडीने एकेकीचं तोंड चेपलं. विसावी माझ्या हातात दिली. "ही तू कर."

मी केली. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि विकत आणून ठेवलेल्या नव्या पुंगळ्यांच्या पेटीची दोरी सोडली.