पटाशीचा दात आणि अधिक मास

धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो आणि तेवढ्यापुरता जावयाचा विष्णू होतो. विष्णूचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, अनारशांचं वाण देतात. त्याचं ऐकत मात्र कोणी नाही. ऐकायचं असतं तर विष्णू केला नसता, जावईच ठेवला असता.

सौमित्र अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. राहायला जठारपेठेत. सासरे रामराव अचलपूरजवळच्या खेड्यातले, काळी जमीन आणि थोडी संत्र्याची बाग असलेले. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांना हे स्थळ पसंत नव्हतं. आता दोन्ही घरं म्हणत होती की आम्हीच तर जुळवलं. त्या रविवारी सौमित्र, बायको आरती आणि अकरा वर्षांची मुलगी श्रावणी असे धोंडे-जेवणाला गेले. ऊन असं की विहिरीवरचा कावळासुद्धा सावली सोडायला तयार नव्हता.

घरात कारभार गंगूबाईंचा. या रामरावांच्या थोरल्या बहीण. आरतीची आई लवकर गेली, तेव्हापासून आरतीला यांनीच वाढवलं. वाणाचं तांब्याचं ताट त्यांनी सकाळीच चिंच लावून असं घासलं होतं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. उरलेली चिंच मोरीवर वाटीत तशीच होती.

सौमित्रला पाटावर बसवलं. रामरावांनी पाय धुतले. गंगूबाई तांब्यातून सढळ हातानं पाणी सोडत होत्या, कारण विष्णूला पाणी मोजून घालत नाहीत. ते पाणी कोटा दगडाच्या गुळगुळीत फरशीवर पसरलं. हा सोहळा मोबाइलवर काढावा म्हणून श्रावणी आतून धावत आली. पाय सरकला आणि ती तोंडावर पडली. तोंड लागलं ते नेमकं बाप बसला होता त्या पाटाच्या कडेवर.

मोबाइल शाबूत राहिला. ओठ फाटला, रक्त भळाभळा आलं, शेजारच्या दाताचा एक कपचा उडाला आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला.

दात अक्षतांमध्ये पडला होता. रामरावांनी पाहिला आणि त्यांना हायसं वाटलं. लेकराचा दात पडला की छपराच्या कवेलूवर टाकायचा, नवा येतो. श्रावणीचा याच जागेचा दात चार उन्हाळ्यांमागे त्यांनीच टाकला होता.

सौमित्रनं सांगितलं की तो दुधाचा होता, हा कायमचा आहे, याच्यानंतर काही येत नाही. रामराव म्हणाले, "देवाच्या घरी काय कमी हाय?"

सौमित्रनं दात शिखराकडून, म्हणजे एरवी हसताना दिसतो त्या पांढऱ्या भागाकडून उचलला. दर वर्षी तो हा दात फळ्यावर काढायचा. वर एनॅमल, आत डेंटिन, मध्ये नसा-रक्ताचा गाभा, खाली मूळ. मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर दाखवायला तो तुटक रेघा मारायचा आणि मुलांना सांगायचा की दात हाडात रुतलेला नसतो, तो या तंतूंनी टांगलेला असतो. परीक्षेत यावर एक गुण असे. बरीच मुलं तो सोडून द्यायची.

अमरावतीची डॉ. अनुपमा त्याचीच विद्यार्थिनी. आता दातांची डॉक्टर. तिनं तो एक गुण सोडला नसावा. फोनवर ती एकदम म्हणाली, "सर, मुळाला बोट लावू नका. नुसता पाण्याखाली धरा, घासू नका, आणि आत्ताच्या आत्ता जागेवर बसवून द्या. तुम्हीच. नाहीच जमलं तर थंड दुधात टाका आणि निघा. ते तंतू जिवंत आहेत तोवरच खेळ आहे."

सौमित्रनं दात पाण्याखाली धरला, श्रावणीसमोर बसला. आरतीनं तिचं डोकं धरलं. श्रावणीनं तोंड उघडलं. हिरडीत एक लालभडक खळगा होता, फळ्यावर कधी काढला नव्हता असा.

"बाबा, दुखेल?"

"थोडं," तो म्हणाला, आणि त्याचा हात तिथेच थांबला. खळगा एवढासा, दात एवढासा, मध्ये चार बोटांचं अंतर. आरती म्हणाली, करा ना. तो करतो म्हणाला. हात काही हलला नाही.

मग त्यानं दूध मागितलं.

ज्या घरच्या गोठ्यात चार म्हशी उभ्या होत्या, त्या घरात कपभर दूध नव्हतं. जावई येणार म्हणून सगळ्याची बासुंदी झाली होती. बासुंदी चालंल का, असं रामरावांनी विचारलं. वेलदोडा कमीच हाय, हेही सांगितलं. शेवटी शेजारच्या किसनरावांच्या फ्रीजमध्ये पिशवी आहे असं कळलं. सौमित्र उठला तेव्हा गंगूबाईंनी हात पुढे केला. आजच्या दिवशी जावयाच्या हाती असं रक्तामासाचं काही बरं नव्हे.

"आना जवाईबापू, माह्यापाशी द्या. तुमी गाडीची चाबी पाहा."

यावर त्याला बरंच काही सांगायचं होतं. शिखर, मूळ, तंतू, अस्तर. पण त्यानं फक्त "जपून" म्हटलं आणि दात त्यांच्या हातावर ठेवला. जपून हा शब्द गंगूबाईंना सांगावा लागत नसे. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट जपली होती आणि जपलेली प्रत्येक गोष्ट घासली होती.

तो दुधाचा पेला घेऊन आला तेव्हा गंगूबाई मोरीवरून उठत होत्या. तळहातावर दात होता. मोत्यासारखा. मुळावर लालसर ओलं असं काही उरलंच नव्हतं. शेजारी चिंचेची वाटी आणि राख.

"पाहा," त्या म्हणाल्या. "कुठी म्हणून डाग नाई. असा मळका दात पोरीच्या तोंडात घालाचा व्हता का?"

सगळं घर सौमित्रकडे बघत होतं. गंगूबाईंच्या नखांमध्ये चिंचेचा कोळ होता आणि डोळ्यांत पाणी. सौमित्र म्हणाला, "छान झालाय." मग दात दुधात सोडला.

जवळच्या परतवाड्यातले दवाखाने रविवारचे बंद, म्हणून अमरावती गाठायची होती. सौमित्र गाडी चालवत होता, शेजारी गंगूबाई दोन्ही हातांत पेला धरून, मागे आरतीच्या मांडीवर श्रावणी. रस्त्याचं काम दोन वर्षं सुरू होतं आणि अजून जोमात होतं. एवढ्या खड्ड्यांतून गंगूबाईंनी दुधाचा थेंब सांडू दिला नाही. देवाचं तीर्थ न्यावं तसा पेला नेला.

अनुपमानं दात चिमट्यानं उचलला, दिव्याखाली फिरवला आणि सरांकडे पाहिलं. कोणी घासला, असं तिनं फार हळू विचारलं.

"म्या घासला," गंगूबाई म्हणाल्या. "काहून? राह्यला का कुठी?"

"नाही आजी," अनुपमा म्हणाली. "काही राहिलं नाही."

तिनं श्रावणीला इंजेक्शन दिलं, ओठाला टाके घातले, दात जागेवर बसवला आणि बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधून टाकला. मग सौमित्रला बाहेर बोलावलं. दात दिसायला नीट दिसेल, ती म्हणाली. पण तंतू गेले. आता शरीर त्याला दात समजणार नाही, हाड समजेल, आणि जुनं हाड मोडतात तसं मूळ हळूहळू खाऊन टाकेल. श्रावणी वाढेल, जबडा वाढेल, हा दात तिथेच अडकून बसेल, शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागेल. काही वर्षं काढेल. आतली नस पुढच्या आठवड्यात साफ करावी लागेल, म्हणजे निदान पू होणार नाही.

मग तिनं विचारलं, "पण सर, तुम्ही तिथेच का नाही बसवला? तुम्हाला तर सगळं येतं."

"मला फळ्यावर येतं," सौमित्र म्हणाला.

परत येताना आरतीनं मागून विचारलं, काय म्हणाली ती? सौमित्र म्हणाला, नंतर सांगतो. श्रावणीचा हात घेऊन आरती बाहेरचे दिवे बघत बसली. पुढच्या सीटवर गंगूबाई फोनवर रामरावांना सांगत होत्या की दात लागला, जसाच्या तसा लागला, डाक्टरीणबाई म्हने काईच राह्यलं नाई.

घरी विष्णूचं वाण तसंच थांबलं होतं. पूजा अर्धी सोडून चालत नाही, म्हणून सौमित्रला पुन्हा पाटावर बसवलं. पाट धुतलेला होता. या वेळी फरशी पुसून कोरडी केली होती. आरतीनं ओवाळलं, गंगूबाईंनी ताट पुढे केलं. श्रावणीला अनारसा चावायचा नव्हता, तर त्यांनी तो बासुंदीत भिजवून चमच्यानं भरवला. ती सुजलेल्या ओठानं एका बाजूनं खात होती आणि अधूनमधून मोबाइलमध्ये दात बघत होती.

"आजी, आता हा पक्का ना?"

गंगूबाईंनी चमचा खाली ठेवला. "मले काय इचारतं बाप्पा? तुया बापाले इचार, थो शिकवते." आणि त्या स्वतःच सौमित्रकडे वळल्या. "सांगा जवाईबापू. टिकंल ना पोरीचा दात?"

देवळातल्या विष्णूला लोक रोजच असलं काही विचारतात. पण तो दगडाचा असतो. सौमित्रच्या कपाळावर कुंकू होतं, मांडीवर तेहेतीस अनारशांचं ताट होतं आणि समोर श्रावणी चमचा तोंडात तसाच धरून थांबली होती.

"टिकेल," तो म्हणाला.

"म्या तं आधीच सांगतलं," रामराव म्हणाले.

श्रावणीनं घास गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. तार दिव्यात चमकली. गंगूबाईंनी तिला पुरतं भरवलं, मग सौमित्रच्या मांडीवरचं ताट रिकामं करून घेतलं. तुपानं त्याची चकाकी गेली होती. त्या मोरीवर जाऊन बसल्या. वाटीत अजून थोडी चिंच उरली होती.