मेंढवाड्यातली माणसं

डोंगरकडा गावाच्या बाजारात पौषातल्या थंडीत उघड्यावर झोपायचं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी सोसलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. बनाबाईला ते ठाऊक होतं. ती धनगराची. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ काढलेली. नवरा गेल्यावर ती गावाच्या कडेला राहू लागली. चाळीसेक मेंढरं, मातीच्या तीन भिंतींचा वाडा, वर कापसाच्या पळाट्यांचं छप्पर आणि तोंडाला बाभळीच्या काट्यांचा झाप, एवढाच तिचा संसार. शिवाय जीभ होती. त्या जिभेला सगळं गाव वचकून असे.

कापूस वेचणीला गावात बाहेरची पुष्कळ माणसं यायची आणि वेचणी सरली की आपापल्या घरी जायची. ज्यांना घरच नसायचं ती बाजारातल्या ओट्यावर पडून राहायची. तीन वर्षांपूर्वी तिथं एक परका माणूस सकाळी आखडून मेलेला सापडला. बनाबाईनं त्याला पाहिलं आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर जाऊन सगळ्यांना शिव्या घालत उठवलं. "मरायचंच असंल तर आपापल्या गावात जाऊन मरा. न्हाईतर चला माझ्या मेंढरांत!"

तेव्हापासून दर हिवाळ्यात दहा-बारा माणसं तिच्या वाड्यात झोपू लागली. मेंढरं दाटीनं बसली की मधल्या माणसाला पांघरुणाचीही गरज लागत नाही. वास येतो, पिसवा चावतात, पण माणूस सकाळी उठतो. भाडं एवढंच, की येताना मेंढरांसाठी ओटीभर बाभळीच्या शेंगा आणायच्या.

त्यांत मसाजी होता. सडकेवर खडी फोडायला आलेला. सडक पुढं गेली, याचे गुडघे गेले, म्हणून हा मागंच राहिला. आणि पार्वतीबाई होती. पुतण्यानं घराबाहेर काढलेली ही म्हातारी बनाबाईहून दहा वर्षांनी मोठी, पण जिभेनं तिच्याच तोडीची. रोज दिवेलागणीला दोघींचं भांडण ठरलेलं.

"माझ्या गाभण मेंढीला टेकू नको गं, पोटातलं लेकरू दबंल तिचं!"

"तुझ्या मेंढीलाच इचार की, कोण कुणाला टेकून राहिलं ते," असं म्हणून पार्वतीबाई खुशाल मेंढीला पाठ लावायची. बनाबाई तोंड फिरवून हसायची. नवरा गेल्यापासून तिला एवढं कुणी हसवलं नव्हतं.

हे सगळं बरं चाललं होतं. म्हणूनच कुणाला तरी ते आणखी बरं करावंसं वाटलं. ते संतराम मास्तर. गावातल्या शाळेचे. माणूस भला, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून त्यांच्याबद्दल भलतंच मत व्हायचं. गोरगरिबांना आसरा देणाऱ्या मंडळींना सरकारकडून इमदाद, म्हणजे मदत, मिळते असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते धावतच वाड्यावर आले.

"बनाबाई, कांबळी मिळतील, छपराला टिनं मिळतील. तुमच्या नावानं अर्ज लिहू का?"

"लिवा की. माझं काय जातंय?" बनाबाई म्हणाली.

मास्तरांनी सरकारी भाषेत, म्हणजे उर्दूत, झकास अर्ज लिहिला आणि मंजुरीही आली. पण सरकार एका धनगरणीच्या हातात मदत कशी देणार? त्यासाठी कमिटी हवी. उकंडराव देशमुख कमिटीचे मुख्य झाले, मास्तर चिटणीस झाले. बनाबाईचं नाव अर्जात होतं, मंजुरीत नव्हतं. तिचा वाडा सोडून बाजारातच चार खांब उभे राहिले आणि त्यांवर टिनं चढली. भिंतींची मंजुरी नंतर येणार होती. कांबळी मात्र लगेच आली. बनाबाईनं एक कांबळं चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाली, "ही लोकर न्हवं. चिंध्या कुटून केलंय हे. मेंढीला दावलं तर मेंढी हसंल."

कुणीच टिनाखाली झोपायला गेलं नाही. दिवसा कांबळं घ्यायचं आणि संध्याकाळी ते गुंडाळून बनाबाईच्या वाड्यात यायचं, असं चाललं. मग पाहणीला साहेब आले. टिनाचा मांडव रिकामा पाहून त्यांनी चौकशी केली आणि थेट मेंढवाड्यापाशी येऊन नाकाला रुमाल लावला.

"जानवरां में सोते ये लोगां? सरकार इमदाद देती, और तुम लोगां को शरम नई?"

उकंडरावांनी लगेच मान खाली घातली, शरम वाटते हे दाखवायला. साहेबांनी हुकूम दिला, मेंढवाड्यात यापुढं एकही माणूस दिसता कामा नये. आठ दिवसांनी ते पुन्हा येणार. मांडव भरलेला दिसला तर भिंती मंजूर. नाही दिसला तर टिनं, कांबळी, सगळं परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एकटेच आले. बनाबाई शेण काढत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"आठच दिवस, बनाबाई. तेवढं त्या लोकांना सांगा. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायची न्हाईत ती."

"भिंती झाल्यावर न्या की. आदी माणसं काहून?"

"सरकारी रीत हाय ती. आदी गरज दिसाया लागती."

"गरज दिसाया माणसं उघड्यावर कुडकुडून राहिली पायजेत, असं म्हना की सरळ."

मास्तर दोन पावलं जवळ आले. मग हळूच म्हणाले, "राग नका मानू. पर तुमच्या माघारी काय? तुमाला मूल न्हाई, बाळ न्हाई. उद्या तुमी गेलात, मेंढरं इकली गेली, तर ही माणसं परत ओट्यावरच. भिंती मात्र राहतील. पन्नास वरसं राहतील."

बनाबाईच्या सगळ्या जिभेला एवढं एक वाक्य भारी पडलं. खोकला तिचाही दोन वर्षांपासून हटत नव्हता. हा विचार रात्री तिला स्वतःलाच टोचायचा, आणि आज मास्तर तो बोलून बसले.

संध्याकाळी तिनं झाप लावला आणि बाहेर उभी राहून एकेकाला बाजाराची वाट दाखवली. मसाजी निमूट गेला. पार्वतीबाई मात्र ओटीतल्या शेंगा झापाशी ओतून थांबली.

"खरंच जाऊ?"

"आठ दिस. मग भिंती व्हतील तुला."

"तू म्हनतीस म्हून जाते. मास्तर म्हनला असता तर गेले नसते."

आठ दिवस बनाबाई रोज उजाडताच बाजारात जाऊन यायची. खांबांमधून वारा आरपार वाहायचा. माणसं टिनाखाली एकमेकांना चिकटून बसलेली असायची, पण माणसांना मेंढरांसारखी लोकर नसते. पार्वतीबाई सहाव्या दिवसापासून भांडेनाशी झाली. बनाबाईनं पाहिलं. तिला कळलं. तरी ती म्हणाली, "दोनच दिस ऱ्हायले," आणि परत फिरली. हे दोन दिवस तिनं पुढं स्वतःला कधीच माफ केले नाहीत, आणि करूही नयेत.

आठव्या सकाळी पार्वतीबाई उठली नाही. गुडघे छातीशी घेतलेले, कांबळं अंगाभोवती दोनदा गुंडाळलेलं. बनाबाई तिच्याशेजारी खाली बसली. तोवर उकंडराव घाईघाईनं आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कांबळं सोडवून घ्या, ते कमिटीचं हाय." दुसरं बनाबाईला उद्देशून होतं. "साहेब येऊन राहिले. म्हातारपणानं गेली म्हनायचं. तुझ्याच वळखीची व्हती, तुझं खरं मानतील. भिंतींचा सवाल हाय, ध्यानात ठेव."

तिनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर जमिनीकडं पाहत होते. डोळे भरले होते त्यांचे. भली माणसं अशा वेळी बहुधा जमिनीकडंच पाहतात.

साहेब आले. विचारलं, कशानं मेली? बनाबाई उभी राहिली. एक शब्द म्हटला असता, तर भिंती होत होत्या. अकरा माणसं मागं उभी होती. ती सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"थंडीनं," ती म्हणाली. "तुमच्या मांडवात, तुमच्या कांबळ्यात. माझ्या मेंढरांत असती तर आज माझ्याशी भांडली असती. मीच हाकललं तिला. आता लिवा काय लिवायचं ते."

साहेबांनी लिहिलं. वर काय गेलं कोण जाणे, पण खाली आलं ते असं, की जागा राहण्यालायक नाही, सबब इमदाद बंद. लायक करायला भिंती द्याव्यात, हे काही कुणाला सुचलं नाही. चार दिवसांत टिनं उतरली, कांबळी मोजून गाडीत गेली. मेंढवाड्यात झोपायची मनाईही आपोआप उठली, कारण पैसा थांबला तशी सरकारची शरमही थांबली. गाव मात्र बनाबाईवर उलटलं. घरात आलेली लक्ष्मी या बाईच्या तोंडानं घालवली, असं पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं जाऊ लागलं. ती घागर भरून निघून यायची.

टिनं उतरली त्या संध्याकाळी तिनं झाप काढून ठेवला. एकेक करून माणसं आली. सगळ्यांत शेवटी मसाजी आला. आत शिरता शिरता थांबला. आवाजात राग नव्हता, असता तर बनाबाईनं दोन शिव्या हासडल्या असत्या.

"म्हातारी तर गेलीच व्हती, बाई," तो म्हणाला. "आमाला भिंती झाल्या असत्या."

बनाबाईनं दोन मेंढरांच्या पाठीत हात घालून त्यांना बाजूला सारलं आणि त्याला मधली जागा करून दिली.