स्क्रीनवर सरळ

फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा.

हमरापूरचा गणपती, वीतभर उंच, पीतांबर हिरवा.

खांब गावच्या गॅरेजबाहेर एका जेसीबीचा हात तीन दिवस आभाळाकडे बघत उभा.

एक वाक्य: "सरळ गेली तर ठेवा. नाहीतर विका."

वाक्य वत्सलाबाईंचं, बोटीबद्दल. फळा त्यांच्या नवऱ्याचा, दामोदर सरांचा. खांदा आखडल्यामुळे पेणच्या शाळेत शेवटची दोन वर्षं ते खालीच लिहायचे. निवृत्तीनंतर घेतलेली बोट रोह्याला, कुंडलिका नदीत. तिचं केबलचं स्टिअरिंग दगडासारखं जड. हात न लावता बोट सरळ नेणारा ऑटोपायलट बसवायचा, तर त्याच्या पंपाला तेलावर चालणारं, हायड्रॉलिक स्टिअरिंग लागतं. म्हणून खांबचा, जेसीबी दुरुस्त करणारा जितेश; जेसीबीचा हातही तेलाच्या दाबावरच चालतो, तो तसाच टाकून आलेला. त्याने केबल उपटली, नळ्या टाकल्या, तेल भरलं. वत्सलाबाईंनी डॅशबोर्डवर गणपती बसवून नारळ फोडला. चाक एका बोटाने फिरलं.

तिघं निघाले. सरांनी ऑटोपायलटचं बटण दाबून हात सोडले.

बोट डावीकडे वळली, वळतच राहिली. काठावरची म्हैस दुसऱ्यांदा समोर आली.

"स्क्रीनवर तर सरळ दाखवतंय," सर म्हणाले.

"म्हशीला दाखवा," वत्सलाबाई म्हणाल्या.

"नळीत हवा हाय सर," जितेश म्हणाला. "जेसीबीला पन असंच व्हतं."

हवा काढली. म्हैस. पुन्हा काढली. म्हैस.

शेवटी कंपासचा सेन्सर तपासायला जितेश डॅशबोर्डखाली आडवा झाला. हातातला स्क्रू वर उडाला आणि चिकटला, बरोबर गणपतीच्या खाली.

"काकी, बाप्पाच्या बुडाला लोहचुंबक हाय. बोट कुठं का वळंना, यंत्राची उत्तर दिशा बाप्पाच."

"मग उचल."

"मी नाय हात लावनार. बसवलाय तुम्ही."

बसवलेला गणपती अक्षता वाहिल्याशिवाय हलवायचा कसा? जितेशच्या डब्यातला भात शिजलेला, तो चालेना. बोट काठाला लावून तो म्हशीच्या मालकिणीकडून मूठभर तांदूळ मागून आला.

अक्षता वाहून झाल्या. पण पायाशी ठेवायचा तर नाही. म्हणून वत्सलाबाई गणपती मांडीवर घेऊन पार मागच्या टोकाला बसल्या.

बोट सरळ गेली. म्हैस मागे लहान होत गेली. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"म्हणजे दर वेळी मी यायचं?" वत्सलाबाईंनी मागून विचारलं.

"ठेवायची की विकायची, तेवढं सांग."

वत्सलाबाईंनी मूर्तीवर पदर धरला. "पुढे बघा," त्या म्हणाल्या.

लाटांनी मूर्ती पडू नये म्हणून बुडाखाली मोठं लोहचुंबक घालायला हमरापुरात मूर्तिकाराला सरांनीच सांगितलं होतं.